अम्मीच्या कोपराची उंची

आमच्या घरातल्या वॉश बेसिनचा ग्रॅनाइटचा ओटा दीड वर्षात दोनदा बसवावा लागला. पहिल्यांदा तो माझ्या आणि मिस्त्रीच्या मर्जीने बसला. दुसऱ्यांदा बसला तो अम्मीच्या मनगटाला प्लास्टर घातल्यावर. वक्फ, आरक्षण, उर्दू शाळांची पटसंख्या असे विषय पडलेले असताना हा माणूस बेसिनवर काय लिहितोय, असं काहींना वाटेल. मला स्वतःलाही वाटलं. पण गेले काही महिने मी ज्या ज्या नातेवाइकांकडे गेलो, तिथे हॉलमध्ये बसायच्या आधी बेसिन पाहिलं, आणि जे दिसलं ते लिहिल्याशिवाय राहवेना.

आधी आमच्याकडे पॅसेजमध्ये भिंतीला टांगलेलं साधं छोटं बेसिन होतं. नळ थोडा गळायचा, खालचा पाइप उघडा दिसायचा. भाचीच्या मंगनीचे पाहुणे आमच्याकडे उतरणार, असं ठरलं आणि मला त्या बेसिनची लाज वाटायला लागली. अटॅच बाथरूममध्ये नवं बेसिन बसवावं, असं आधी डोक्यात होतं. पण तिथे कमोड आहे, आणि वुजू करताना जी दुआ पढतात ती अशा जागी तोंडाने म्हणायला आमच्या घरातल्या बायका तयार नसतात. त्यामुळे बेसिन पॅसेजमध्येच राहणार हे पक्कं झालं. दुकानात जाऊन पाच फूट लांब, वीस इंच रुंद असा करड्या रंगाचा, काळ्या ठिपक्यांचा ग्रॅनाइट पसंत केला. पुढच्या कडेला अर्धगोल मोल्डिंग करून घेतलं. वर ठेवायला पांढरं शुभ्र टेबलटॉप बेसिन घेतलं, म्हणजे दगडात न बुडवता दगडावर वाडग्यासारखं बसतं ते. हॉटेलात असतं तसं. मी खूश होतो.

मिस्त्रीने विचारलं, "सर, हाइट किती धरू?" मी म्हटलं, नेहमी धरता तेवढी धरा. त्याची नेहमीची हाइट म्हणजे स्वयंपाकाच्या ओट्याची, तेहतीस इंच. त्याने भिंतीत खाच पाडली, दोन लोखंडी अँगल ठोकले, त्यावर दगड ठेवला, वरून सिलिकॉन मारलं आणि काम संपलं. त्या तेहतीस इंचांवर साडेपाच इंचांचं वाडगं बसलं. म्हणजे काठ आला जमिनीपासून साडेअडतीस इंचांवर. ही बेरीज दुसरीतलं पोर करेल. मी केली नाही, मिस्त्रीनेही केली नाही. पाहुणे आले, बेसिनचं कौतुक झालं, मंगनीचे फोटोही त्याच्यासमोर निघाले.

अम्मीची उंची चार फूट नऊ इंच. तरुणपणी इंचभर जास्त असेल. तिचं कोपर जमिनीपासून पस्तीस इंचांवर येतं, हे मी नंतर मोजलं.

जे वाचक मुस्लिम नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. नमाजच्या आधी वुजू करावा लागतो. कुरआनात सूरह माइदाच्या सहाव्या आयतीत त्याचा हुकूम आहे: चेहरा धुणं, हात कोपरांपर्यंत धुणं, डोक्यावरून ओला हात फिरवणं आणि पाय घोट्यांपर्यंत धुणं. बाकी चूळ भरणं, नाकात पाणी घेणं वगैरे सुन्नत. दिवसातून पाच वेळा नमाज, म्हणून वुजूही जवळजवळ तितक्याच वेळा. आता या चार गोष्टींमध्ये बेसिनच्या उंचीचा संबंध दोन ठिकाणी येतो. हात कोपरापर्यंत धुवायचा तर कोपर बेसिनच्या आत यायला हवं, आणि पाय धुवायचे तर पायांना कुठेतरी पाणी मिळायला हवं. ज्या बेसिनचा काठ कोपरापेक्षा साडेतीन इंच वर आहे तिथे हात वर उचलून धुवावा लागतो. मग पाणी कोपरावरून बाहीत, बाहीतून कुर्त्यात, कुर्त्यातून फरशीवर येतं. दगड टेकडीसारखा समोर उभा, आणि त्याच्यापलीकडे नळ.

अम्मी महिनाभर काही बोलली नाही. एकदाच म्हणाली, "अच्छा है रे. मेरे गले तक आरा, पन अच्छा है." आम्ही हसलो. तो विनोद नव्हता, हे आम्हाला कळलं नाही. पायांचं काय करते हेही कुणी विचारलं नाही. ती हात-तोंड बेसिनवर धुवायची, आणि पाय धुवायला बाथरूममध्ये जाऊन एका हाताने नळ धरून, एक पाय उचलून त्यावर मग ओतायची. वय त्र्याहत्तर, दोन्ही गुडघे झिजलेले, कुर्ता पुढून ओला आणि फरशीवर तिच्याच बाहीतून गळालेलं पाणी. एका पहाटे, फजरच्या वेळी, ती तिथेच पडली. उजवं मनगट मोडलं. हाडाच्या डॉक्टरांनी विचारलं कशा पडल्या, मी सांगितलं. ते सहज म्हणाले, या वयाच्या बायका बाथरूममध्येच पडतात. सहा आठवडे प्लास्टर.

त्या सहा आठवड्यांत मी बेसिनकडे पाहायचो तेव्हा लहानपणचं घर आठवायचं. तिथे बेसिन नव्हतं, मोरी होती. हा शब्द आमच्या दखनीत आणि मराठीत एकच आहे, मला शिकवताना बरं पडतं. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात शहाबादी फरशीचा चौकोन, त्याला तीन बोटं उंच कठडा, कोपऱ्यात पाणी जायला भोक. शेजारी माठ किंवा हंडा, लाकडी पाट आणि तोटीचा लोटा. दादी त्या पाटावर बसून वुजू करायची. हात, तोंड, डोकं, पाय सगळं एका जागी, एका लोट्यात, न उठता. पडायला उंचीच नव्हती. हनफी फिकहच्या पुस्तकांत वुजूचे जे अदब सांगितलेत त्यात किंचित उंच जागी बसून वुजू करणं हा एक आहे. दादीने पुस्तक वाचलं नव्हतं, पण पाट होता.

मोरीची भलावण करायला मी हे लिहीत नाही. त्याच मोरीत दादीने चाळीस वर्षं उकिडवं बसून ढीगभर भांडी घासली, तिची कंबर तिथेच गेली. ओटा आला, बायका उभ्या राहिल्या, ते चांगलंच झालं. अडचण अशी झाली की आपण घर बसण्यावरून उभं राहण्यावर आणलं, पण वुजू आपल्याबरोबर उभा राहिला का, हे बघितलं नाही. घराचा नकाशा काढणाऱ्याला वुजू माहीत नसतो आणि आपण त्याला सांगत नाही. तो हात धुवायला बेसिन देतो, अंघोळीला शॉवर देतो. मधल्या कामासाठी जागाच नसते. मग ज्याचे गुडघे चांगले तो पाय उचलून बेसिनमध्ये ठेवतो. शेजारच्या घरात एका तरुण मुलाच्या अशा सवयीने टांगलेलं बेसिन भिंतीतून निखळून पायावर पडलं होतं. सिरॅमिकचा तुकडा सुरीसारखा कापतो. बेसिन हे माणसाचं वजन घ्यायला केलेलं नसतं.

आणि आता मला लाज वाटते ती गोष्ट. ज्या वर्षी मी घरात हा ओटा बसवला त्याच वर्षी आमच्या मोहल्ल्याच्या मस्जिदीचा वुजूखाना नव्याने बांधला. मी कमिटीत होतो. तीन बैठका फक्त बैठकांच्या उंचीवर झाल्या. म्हणजे दगडी बैठका किती उंच असाव्यात यावर. म्हाताऱ्यांना उठायला सोपं जावं म्हणून सोळा इंच, की सगळ्यांचे पाय टेकावेत म्हणून चौदा, असा वाद झाला. शेवटी दोन्ही प्रकारच्या केल्या. नळ बैठकीपासून किती वर, पायाखालची नाली किती रुंद, पाणी उडून शेजाऱ्याच्या पायजम्यावर जाऊ नये म्हणून मध्ये पडदी हवी का, सगळं बोललो. एका बुजुर्गांना बसवून, नळाऐवजी बाटली धरून, मोजमाप घेतलं. लाखो रुपयांचा चंदा जमला. फार चांगलं काम झालं आणि मी त्याबद्दल अजूनही समाधानी आहे.

पण तो वुजूखाना कोण वापरतं? पुरुष. आमच्या भागात बहुतेक मस्जिदींमध्ये बायकांसाठी जागा नाही. असावी की नाही तो वेगळा विषय आहे, त्यावर मी आधी लिहिलंय आणि ऐकूनही घेतलंय. आज एवढंच म्हणतो की बायकांनी घरी नमाज पढावी असं जर आपण सांगतो, तर बायकांची मस्जिद म्हणजे आपलं घर. मग त्या मस्जिदीचा वुजूखाना कुठे आहे? पुरुषांच्या पाच-दहा मिनिटांच्या सोयीसाठी तीन बैठका, आणि जिने आयुष्यभर एकही नमाज सोडली नाही तिच्यासाठी "नेहमीची हाइट धरा" एवढंच वाक्य. ते मी उच्चारलं होतं.

बी.एड.ला असताना शालेय आरोग्याच्या तासाला आम्हाला शिकवलं होतं की बाक मुलाच्या उंचीप्रमाणे असावा, बसल्यावर पावलं जमिनीला टेकावीत, डेस्क कोपराच्या पातळीला यावा. परीक्षेत मी ते आकृती काढून लिहिलं होतं. पुढे शाळेत पहिलीच्या पोरांना पाचवीचे बाक दिले तेव्हा मुख्याध्यापकांशी भांडलोही. कोपराची पातळी हा शब्द मला पाठ होता. घरात तो आठवला नाही.

बायकोला हे सगळं बोलून दाखवलं तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "मी दुकानातच म्हटलं होतं, हे वाडगं उंच होईल म्हणून." मला अजिबात आठवत नाही. तिने म्हटलं असणार, कारण ती कधी खोटं बोलत नाही, आणि मी ऐकलं नसणार, कारण तेव्हा मी मोल्डिंगचे पैसे कमी करून घेत होतो.

दुसऱ्यांदा काम काढलं तेव्हा दुसरा मिस्त्री बोलावला. पहिल्याला दोष द्यायचा म्हणून नाही, तो दुसऱ्या गावाला कामावर गेला होता. या मिस्त्रीला मी आधी काम दाखवलं नाही, अम्मीला दाखवलं. खुर्चीवर बसवून आणि उभी करून टेपने मापं घेतली. तो आधी संकोचला, मग अम्मीनेच त्याला दटावलं, "माप ले ना रे बाबा, मैं क्या काटती क्या तेरे कू?" पुढचे दोन दिवस तो तिला आज्जी म्हणत होता आणि ती त्याला चहाबरोबर खारी देत होती.

काय केलं ते सांगतो, कारण लोक विचारतात. पाच फुटांचा दगड काढला. त्याच्या डाव्या बाजूचे अठरा इंच कापून वेगळे केले. उरलेल्या साडेतीन फुटांत लंबगोल भोक पाडून बेसिन दगडाच्या खालून बसवलं, वाडगं काढून टाकलं. जुनं पाणी जायचं छोटं भोक नेमकं त्या लंबगोलात आलं म्हणून दगड वाया गेला नाही. मात्र बेसिन मधोमध न राहता उजव्या कडेला सरकलं. "सर, शो जाईल," मिस्त्री म्हणाला. जाऊ दे म्हटलं. दगडाची वरची पातळी आता जमिनीपासून एकोणतीस इंच. अम्मीचं कोपर त्याच्या सहा इंच वर येतं, हात सरळ आत जातो. मी पाच फूट आठ इंच आहे, मला दात घासताना वाकावं लागतं. वाकतो.

कापलेल्या अठरा इंचांच्या तुकड्याची बैठक केली, पंधरा इंच उंच, विटांच्या दोन छोट्या भिंतींवर. तिच्यासमोर फरशी फोडून उतार काढला, खाली नहाणी ट्रॅप बसवला, वर खरबरीत टाइल लावली. नळ बैठकीपासून फूटभर वर. बाजूच्या भिंतीत धरायला स्टीलचा दांडा. हा दांडा नुसत्या टाइलमध्ये स्क्रू मारून लावू देऊ नका, ज्या दिवशी खरी गरज पडेल त्याच दिवशी तो हातात येईल. टाइलच्या मागे विटेत खोल फास्टनर जायला हवा. आमचं घर तळमजल्यावर आहे म्हणून फरशी फोडता आली. वरच्या मजल्यावर असतो तर खालच्या शेजाऱ्याच्या छताचा विचार आधी करावा लागला असता, आणि मग जमिनीवर छोटा कठडा बांधून पाणी बाथरूमच्या ट्रॅपकडे वळवणं हाच मार्ग होता.

आणखी दोन गोष्टी या मिस्त्रीने शिकवल्या. पहिल्या वेळी दगडाच्या पुढच्या कडेवरून पाणी खालच्या बाजूने परत भिंतीकडे जायचं आणि अँगल गंजायचे. याने दगडाच्या खालच्या अंगाला, कडेपासून अर्धा इंच आत, एक बारीक खाच पाडली. पाणी खाचेपर्यंत येतं आणि तिथेच थेंब होऊन पडतं. पाच मिनिटांचं काम, पण न सांगता कुणी करत नाही. दुसरी, दगडाखाली बेसिन नुसत्या सिलिकॉनवर लटकवायचं नाही, खालून आधार द्यायचा. कडप्पा लावावा का, असंही मी विचारलं, स्वस्त पडतो म्हणून. तो नको म्हणाला. कडप्पा हा चुनखडीचा दगड. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग काढायला कुणी अ‍ॅसिड टाकलं की त्याची चकाकी जाते. संगमरवराचंही तेच. ग्रॅनाइट त्यामानाने सोसतो.

सिलिकॉन मारून झाल्यावर म्हणाला, आता चोवीस तास पाणी लावू नका. आमच्या घरात चोवीस तासांत पाच वेळा पाणी लागतं. शेवटी एक दिवस सगळ्यांनी अंगणात बादली आणि लोटा घेऊन वुजू केला. मुलीला ते इतकं आवडलं की ती दुसऱ्या दिवशीही बाहेरच गेली.

दगड कापण्याविषयी मात्र मला वेगळं लिहायचंय. पहिल्या वेळी मिस्त्रीबरोबर आलेल्या पोराने, असेल एकोणीस-वीस वर्षांचा, घरासमोर कोरडा दगड ग्राइंडरने कापला. तोंडाला काही नव्हतं. अर्ध्या तासात शेजाऱ्यांच्या गाड्या पांढऱ्या झाल्या, आणि मी त्या गाड्या पुसायची काळजी केली. त्या पोराच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या, ते पाहून माझी मुलगी हसली होती. दगडाच्या धुळीत सिलिका असते. तिचे बारीक कण फुप्फुसात जाऊन बसतात, तिथे व्रण होतात, दम लागायला लागतो आणि ते व्रण परत बरे होत नाहीत. सिलिकोसिस म्हणतात त्याला. कारखाना कायदा, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत हा आजार होता, म्हणजे कारखान्यात कुणाला झाला तर कळवणं बंधनकारक. पण माझ्या दारासमोरचा रस्ता कारखाना नाही. आजकाल ओट्यांसाठी जो कृत्रिम क्वार्ट्झचा दगड चालतो त्यात सिलिकेचं प्रमाण नव्वद टक्क्यांपर्यंत असू शकतं. ऑस्ट्रेलियात त्या दगडाने तरुण कामगार इतके आजारी पडले की १ जुलै २०२४ पासून तिथे त्यावर बंदीच घातली. आपल्याकडे तो "लेटेस्ट" म्हणून विकला जातो.

उपाय महाग नाही. दुसऱ्या वेळी मी आधीच सांगितलं, पाणी टाकूनच कापायचं. मिस्त्रीने प्लास्टिकच्या बाटलीच्या झाकणाला भोक पाडलं आणि दुसऱ्या माणसाने कापताना पात्यावर धार धरली. चिखल झाला, धूळ जवळजवळ नाही. चांगले मास्क मी आणून दिले. ज्या दगडावर उभा राहून मी पाक होणार तो कापताना कुणाच्या छातीत धूळ भरली, याचा हिशेब माझ्याकडे मागितला जाणार नाही असं मला वाटत नाही. मजूर ठरवताना आपण मजुरीवर घासाघीस करतो, तिथेच "पाणी टाकून कापाल ना?" एवढा प्रश्न जोडायचा आहे.

पाण्याचंही ओघात आलंय तर सांगतो. मी लातूरचा. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं तेव्हा आम्ही ते भांड्यात धरलंय. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, पाच लाख लिटर पाणी. पाण्याच्या टाक्यांभोवती गर्दी होऊ नये म्हणून जमावबंदी लागली होती. मस्जिदीत नळ बंद करून हौजाजवळ मग ठेवले होते आणि इमामसाहेब दर जुम्याला सांगायचे, एका मगात वुजू होतो. आणि व्हायचा. रसूलुल्लाह (स.) एका मुद पाण्यात वुजू करत, हे बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे, मुद म्हणजे आजच्या मापाने लिटरपेक्षा कमीच. वाहत्या नदीवर असलात तरी वुजूत पाणी उधळू नका, अशीही एक रिवायत इब्न माजामध्ये आहे. तिची सनद काही मुहद्दिस कमजोर मानतात, पण मतलब कुणी नाकारत नाही.

नवं बेसिन बसल्यावर मुलीने विज्ञानाच्या प्रकल्पासाठी एक उद्योग केला. खालचा पाइप काढून बादली ठेवली आणि प्रत्येकाच्या वुजूचं पाणी मोजलं. माझ्या वुजूला सात लिटर लागले. मी वर्गात पाणीबचतीवर निबंध लिहून घेणारा माणूस. अम्मीने बैठकीवर बसून लोट्याने केला, तिला दीड लिटर. मुलीने तक्ता करून फ्रिजवर चिकटवला, तो दोन महिने तिथे होता. सात लिटर कुठे जातात ते नंतर लक्षात आलं. उजव्या हाताला पाणी घेऊन चेहऱ्याला लावतो, तेवढा वेळ नळ चालूच. मसह करताना तर पाणी लागतच नाही, तरी नळ चालू. दोन्ही नळांना जाळी बसवली आणि खालचा अँगल कॉक अर्धा बंद करून ठेवला. आता मी तीन लिटरवर आलोय. २०१६ मध्ये एकावर होतो.

हे सगळं ऐकून माझे एक मित्र म्हणाले, एवढं कशाला, अम्मींना चामड्याचे मोजे घालून मसह करू द्या, शरीअतमध्ये सवलत आहे. खरं आहे, घरी असणाऱ्याला एक दिवस-एक रात्र ती सवलत आहे. आजारी माणसाला पाणी अपाय करत असेल तर तयम्मुमचीही आहे. प्लास्टर असताना अम्मीने प्लास्टरवरून मसहच केला. पण सवलत ही अडचणीसाठी असते, आणि इथली अडचण गुडघ्यांनी कमी, दगडाने जास्त केली होती. ती मी विकत आणून भिंतीत ठोकली होती. स्वतः अडचण उभी करायची आणि मग आईला सवलतीचा मसला समजावायचा, हे मला जमेना. अम्मीला विचारलं तर ती म्हणाली, पायाला पाणी लागल्याशिवाय वुजू झाल्यासारखं वाटत नाही. तिच्या वाटण्याला फतव्याची गरज नाही.

दुसऱ्या एकाने खर्चाचं काढलं. बैठक, नळ, फरशी, दोन दिवसांची मजुरी, नवं बेसिन धरून साडेनऊ हजार आले. पहिल्या वेळी नुसत्या शोभेच्या वाडग्याला आणि उंच नळाला मी त्यातले निम्मे घालवले होते. ते वाडगं अजून माळ्यावर पडून आहे. कुणाला हवं असेल तर न्या, पण आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला त्याच्यासमोर उभं करून बघा.

अम्मीची नव्या जागेबद्दल तक्रार आहेच. डिसेंबरमध्ये दगड गार लागतो. तिने जुन्या रजईचा तुकडा शिवून बैठकीवर टाकलाय, तो सतत ओला असतो आणि बायको तो सतत उचलून वाळत घालते. मुलगी त्या बैठकीवर बसून शाळेचे बूट घालते, त्यावरून दादी-नातीची रोज सकाळी चकमक होते. मनगट पूर्ण सरळ झालं नाही, लोटा ती आता डाव्या हाताने धरते.

परवा उदगीरहून बहिणीचा फोन आला. तिच्याकडे घराचं काम चालू आहे, मिस्त्री दारात उभा होता. म्हणाली, भाई, पटकन इंच सांग, बेसिन किती आणि बैठक किती. मी एकोणतीस आणि पंधरा म्हणणार होतो, तेवढ्यात आठवलं की तिची सासू चांगली उंच आहे. म्हटलं, आधी तुझ्या सासूबाईंचं कोपर मोज, मग मला फोन कर. ती म्हणाली, त्या झोपल्यात. मग मिस्त्रीला चहा दे, म्हटलं.